तारीख मागं जाते काऊन? बायोसवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाताजाता एक ओळ लिहून गेलो होतो, की कॉम्प्युटर चालू होताना डिलीट बटन दाबलं की जे निळं-काळं पान उघडते त्याला बायोस म्हणतात अन् त्याला घाबरायचं काही काम नाही. (बायोस म्हणजे मशीन उठताना सगळ्यात आधी चालणारा, आतल्या चिपमधला प्रोग्राम.) त्या एका ओळीनं माझा अख्खा महिना खाल्ला. दुकानावर चिठ्ठ्या आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचे तिरपे फोटो आले, एक जण तर सीपीयूचा डबा एसटीत मांडीवर घेऊन आला. तर यावेळी सगळी जागा बायोसलाच. सारखे सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं काढून टाकली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : माहं सेवा केंद्र आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला का तारीख २०१५ ची दाखवते. पोर्टल उघडत नाही, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं लाल पान येते. लोकं दाखल्यासाठी दारात उभे अन् मी तारीख बदलत बसतो. दोनदा विंडोज मारून झाली. तिसऱ्यांदा मारू काय? (केंद्रचालक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, विंडोज मारू नका, सेल बदला. (हेच ते एसटीवाले भाऊ. डबा उघडून पाच मिनिटांत काम झालं, परतीची गाडी मात्र दोन तासांनी होती.)

मदरबोर्डवर, म्हणजे डब्यातल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, त्यावर सीआर२०३२ असा नंबर असते अन् नंबरातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ या सेलवर चालते अन् जुन्या बोर्डात बायोसच्या सेटिंगाही याच्याच भरवशावर टिकतात. सेल उतरला की घड्याळ थांबते, अन् सकाळी बटन दाबलं की बोर्ड आपल्या ठरलेल्या जुन्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागते, कोणाचं २००९, कोणाचं २०१५, जसा बोर्ड तसं साल.

आता पोर्टलचं काय, तर प्रत्येक वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असते अन् त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असते, तुमचा कॉम्प्युटर बसला आहे २०१५ मध्ये, त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून जन्मलंच नाही, मंग तो म्हणते हा माणूस खोटा आहे, आत घेऊ नका. डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच, तारीख चुकली की सही अडते. यात इंटरनेटवाल्याचा दोष नाही, पोर्टलचा नाही अन् विंडोजचा तर अजिबातच नाही.

आपल्याकडं हे सेल जरा लवकर उतरतात, त्याचं कारण सांगतो. पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असली अन् तिथल्या लाइटच्या बोर्डाचं बटन चालू असलं तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लाय थोडासा करंट देत राहते, घड्याळ त्याच्यावर भागवते अन् सेल आराम करते. आपण रात्री बोर्डाचं बटन बंद करून घरी जातो, शिवाय लाइन जाते ते वेगळं, म्हणजे सेलला रोज रात्रीची ड्युटी लागते. म्हणून बटन चालू ठेवा असं मी सांगत नाही बरं. मृगाचा गडगडाट चालू असताना पिन काढून ठेवणंच शहाणपणाचं आहे, सेल पन्नास रुपयाच्या आतबाहेर येते, मदरबोर्ड नाही येत.

बदलायचा असा. शटडाउन करा, पिन काढा, मंग चालूचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाते. डबा उघडायच्या आधी लोखंडाच्या भागाला हात लावा. सेलच्या बाजूला एक छोटी पत्ती असते, ती नखानं बाजूला केली की सेल टुणकन वर येते. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, पत्ती तुटली की मोठं काम लागते. नवा सेल अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. चालू केल्यावर 'सीएमओएस चेकसम एरर' असं काहीतरी येईल अन् एफ१ दाबा म्हणेल, घाबरू नका, ते इतकंच सांगते की जुन्या सेटिंगा गेल्या, मूळच्या घेतल्या. डिलीट दाबून आत जा, तारीख-वेळ टाका, एफ१० दाबून सेव्ह करा. अन् सेलला हात लावायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवजा, ते काऊन, ते खाली वजनकाट्यावाल्या भाऊच्या उत्तरात कळेल.

एक गोष्ट राहिली. वेळ बरोब्बर साडेपाच तासांनीच चुकत असेल अन् तुमच्या मशीनवर विंडोज अन् लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) दोन्ही टाकलेले असतील तर सेल बदलू नका, त्याचा दोष नाही. विंडोज बोर्डाच्या घड्याळात भारताची वेळ लिहिते, लिनक्स ग्रीनिचची लिहिते, दोघं एकमेकाचं खोडत बसतात. लिनक्सला सांगा की बाबा तूही भारताचीच वेळ धर, भांडण मिटलं.

प्रश्न : मी आयटीआयचा विद्यार्थी, जुना लॅपटॉप घेतला आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायचं आहे. एफ२ दाबून दाबून बोट दुखलं पण बायोस उघडूनच नाही राहिलं, थेट विंडोजच येते. बटन खराब आहे का? (चिखली)

उत्तर : बटन ठीक आहे, तुझी वेळ चुकून राहिली. कंपनीचं नाव स्क्रीनवर दिसल्यावर दाबतो ना? तोपर्यंत गाडी फलाटावरून सुटलेली असते. चालूचं बटन दाबल्याबरोबर टकटक टकटक सुरू करायचं, दाबून धरायचं नाही, ठोकत राहायचं.

दुसरं कारण मोठं आहे अन् ते लोकांना माहीतच नसते. विंडोज ८ पासून पुढं शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, अर्धं काम डिस्कवर तसंच लिहून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा वेळी बटन दाबायला क्षणभरही मिळत नाही. म्हणून शटडाउन नाही, रीस्टार्ट करायचं, त्यात ते पूर्ण बंद होऊन उठते. अन् बोट दुखवायचंच नसेल तर कीबोर्डवरचं शिफ्ट धरून ठेव अन् माउसनं रीस्टार्टवर क्लिक कर. निळं पान येईल, त्यात ट्रबलशूट, मंग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मंग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस), तिथं क्लिक केलं की मशीन स्वतःच बायोसमध्ये जाऊन उभी राहते. जुन्या पद्धतीच्या मशीनवर हा पर्याय दिसत नाही, तिथं मात्र बोटच लागते.

बटन कंपनीप्रमाणं बदलते. डेलला एफ२, एसरलाही बहुतेक एफ२, एचपीला एफ१० (एस्केप दाबलं तर सगळा मेनूच देते), लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१ अन् आयडियापॅडला एफ२. आयडियापॅडच्या पुष्कळ मॉडेलला बाजूला टाचणी जाईल एवढं छिद्र असते, त्यात टाचणी टोचली तरी मेनू येते. असूसच्या लॅपटॉपला एफ२. जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये, म्हणजे गिगाबाइट, एमएसआय वगैरे बोर्ड असेल तर डिलीट. काही लॅपटॉपवर एफ-वाले बटन आवाज-उजेडाला जोडलेले असतात, तिथं एफएन धरून दाबायचं.

पण खरं सांगू का, तुला बायोसमध्ये जायचंच नाही! तुला फक्त एकदा पेनड्राइव्हवरून चालू करायचं आहे, त्याला बूट मेनू वेगळा असते. डेल अन् लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, गिगाबाइटला एफ१२, एमएसआयला एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डाला एफ८. यादी येते, पेनड्राइव्ह निवडायचं, झालं. कायमचं काहीच बदलत नाही, म्हणून नवशिक्याला मी हाच रस्ता सांगतो. एसरवर मात्र एफ१२ चा मेनू पुष्कळदा बायोसमध्ये बंद करून ठेवलेला असते, तिथं एकदा आत जाऊन तो चालू करा लागते. डेस्कटॉपवाल्यांनी कीबोर्ड मागच्या पोर्टात लावून पाहा, समोरचे पोर्ट अन् हब कधीकधी उशिरा जागे होतात.

प्रश्न : ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. आज चालू केला तर काळ्या स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' आलं. सगळे दाखले त्यात आहेत, लय टेन्शन आलं आहे, लवकर सांगा.

उत्तर : ताई, आधी पेनड्राइव्ह काढा. (काढला, चालू झाला, असा मेसेज दहा मिनिटांत आला.) पेनड्राइव्ह नसता तर बायोसमध्ये जाऊन हार्डडिस्कचं नाव दिसते का तेवढंच पाहायचं होतं. नाव दिसलं तर बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे आधी कशावरून चालू व्हायचं त्या यादीत, ती वर घ्यायची. नावच नसलं तर वायर ढिली नाहीतर डिस्क गेली, अन् तिथं विंडोज मारायला कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, जी डिस्क बायोसलाच दिसत नाही तिच्यावर तो विंडोज मारणार कुठं? अन् दाखल्यांची एक कॉपी बाहेर ठेवत जा, आजच.

प्रश्न : जिनिंगवर वजनकाट्यावर बसतो. तीन गोष्टी आहेत. एक, लाइन जाऊन आली का कॉम्प्युटर हातानं चालू करा लागते, रात्री कापसाच्या गाड्या उभ्या राहतात. आपोआप चालू होईल असं काही आहे काय? दोन, सेल बदलला तवापासून इंडिकेटरवर वजन दिसते पण कॉम्प्युटरमध्ये शून्य. तीन, भर दुपारी आपोआप बंद पडते. (हिंगणघाटकडून)

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी दुसऱ्या दिवशी गाडी काढून जाणार होतो पण मिस्त्री आला घरी, म्हणून लिहूनच सांगतो.

आधी दोन नंबरचं, कारण धंदा त्याच्यावर आहे. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टमधून वजन पाठवते, ती नऊ पिनांची जाड वायर. बायोसमध्ये या पोर्टाला एक पत्ता अन् आयआरक्यू नावाचा एक नंबर दिलेला असते. ३एफ८ अन् आयआरक्यू ४ म्हणजे कॉम १ नावाचा पोर्ट, २एफ८ अन् आयआरक्यू ३ म्हणजे कॉम २. तुमच्या काट्याचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं त्या काळी यातला कोणतातरी एक धरून सॉफ्टवेअरमध्ये पक्का केला असेल, सेल काढल्यावर बायोस मूळच्या सेटिंगवर गेलं अन् पोर्टाचा पत्ता बदलला नाहीतर पोर्टच बंद झाला. इंडिकेटर बिचारा वजन पाठवूनच राहिला, घ्यायला घरी कोणी नाही. बायोसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड किंवा इंटिग्रेटेड पेरिफेरल्स नावाचं पान असते, त्यात सिरियल पोर्ट, कुठं सुपर आयओ लिहिलेलं असते, तिथं एनेबल करा अन् ३एफ८ ठेवून पाहा, नाही आलं तर २एफ८. सॉफ्टवेअरमध्ये कॉम कोणता टाकला आहे ते आधी पाहून घेतलं तर एकाच फेरीत काम होते. सेल काढायच्या आधी फोटो काढा म्हणतो ते याच्यासाठी. बॉड रेट (वजन पाठवायचा वेग) वगैरेला हात लावू नका, तो बायोसचा नाही.

आता लाइनचं. बायोसमध्ये पॉवरच्या पानावर 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' अशी ओळ असते, कुठं 'एसी बॅक', कुठं 'आफ्टर पॉवर फेल्युअर'. त्यात तीन पर्याय असतात: बंदच राहू दे, चालू हो, नाहीतर लाइन गेली तवा जसा होता तसा हो. शेवटचा, लास्ट स्टेट, तो तुमच्या कामाचा. कारण 'चालू हो' ठेवलं तर सीझन संपल्यावरही कोणी बोर्डाचं बटन दाबलं की मशीन रिकाम्या ऑफिसात उठून बसेल. पण एक अडचण आहे, आपल्याकडं लाइन एकदाच येत नाही, येते, जाते, पुन्हा येते, अन् दरवेळी मशीन उठेल अन् पडेल, त्यात डिस्कची वाट लागते. छोटा का होईना यूपीएस लावा, मंगच हे सेटिंग करजा. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर तो यूपीएस नाही, नुसतं महागडं एक्स्टेन्शन आहे, हे मालकाला माझं नाव घेऊन सांगा.

अन् दुपारी बंद पडणं. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ नावाचं पान आहे, तिथं प्रोसेसरची डिग्री अन् पंख्याचे फेरे दिसतात. दुपारी मशीन पडली की पाच मिनिटांनी थेट या पानावर या. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण आराम करत नाही, म्हणून आपल्या उन्हात ५०-५५ दिसलं तर मी काळजी करणार नाही. पण तिथंच ८० च्या पुढं आकडा चढत असेल, किंवा पंख्याचे फेरे शून्य असतील, तर रोग सापडला. प्रोसेसर शंभरच्या आसपास गेला की जळण्यापेक्षा स्वतःच बंद पडते, ती त्याची समजदारी आहे. जिनिंगवरच्या डब्यात मला दरवेळी एकच गोष्ट सापडते, पंख्याच्या खाली हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, रुईची अख्खी गादी. बाहेरून पंखा फिरताना दिसते अन् वारा आत जातच नाही. पंखा काढून ब्रशनं साफ करा, प्रोसेसर अन् हीटसिंकच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावा. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर मारू नका, त्यात पाणी अन् तेल येते. ब्लोअर मारत असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खलास होते. कूलरचा वारा सीपीयूवर सोडलेला असेल तर तोही फिरवा, माणसाला गार वाटते पण ओल्या वाऱ्यानं रॅमच्या पट्ट्या काळ्या पडतात.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला शहरातल्या एका ऑफिसनं वापरलेले पाच डेस्कटॉप अन् एक लॅपटॉप दिला. बायोसला पासवर्ड आहे, देणाऱ्यांना आठवत नाही. काय करता येईल? (शिक्षक, देवरी तालुका)

उत्तर : गुरुजी, डेस्कटॉपचं सोपं आहे, लॅपटॉपचं नाही. डेस्कटॉपच्या बोर्डावर सेलच्या जवळपास तीन पिना असतात अन् त्यातल्या दोन पिनांवर एक छोटी टोपी, जंपर म्हणतात. लाइनची पिन काढून, करंट घालवून, टोपी पहिल्या-दुसऱ्या पिनेवरून दुसऱ्या-तिसऱ्यावर दहा सेकंद ठेवायची अन् परत जागेवर आणायची. बहुतेक बोर्डात पासवर्ड जाते. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमध्ये पासवर्डासाठी वेगळा जंपर असते, त्याच्या बाजूला पीएसडब्ल्यूडी असं बारीक लिहिलेलं असते, भिंग घेऊन बसा. नव्या बोर्डात नुसता सेल काढून काही होत नाही, कारण सेटिंगा सेलच्या भरवशावर नसतात, वेगळ्या चिपमध्ये लिहिलेल्या असतात, सेल काढला तर फक्त तारीख जाते अन् पासवर्ड तिथंच तुमच्याकडं पाहून हसते.

लॅपटॉपमध्ये पासवर्ड मुद्दामच असा ठेवलेला असते की चोरानं सेल काढून तो उघडू नये. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, पण सोबत मूळ बिल अन् ऑफिसनं शाळेला दिल्याचा सही-शिक्क्याचा कागद पाहिजे. कागदाशिवाय माझ्याकडं असा लॅपटॉप आला तर मी परत पाठवतो, कोणाचा आहे काय माहीत. देणगी घेतानाच एकदा समोर चालू करून पासवर्ड काढून मागायचा, लाजायचं नाही.

प्रश्न : भाऊ, व्हिडिओत पाहून बायोसमध्ये स्पीड वाढवाले साटा मोड बदलला. आता निळी स्क्रीन येते, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. घरच्याईले सांगितलं नाही अजून. (तेल्हारा)

उत्तर : नको सांगू, पाच मिनिटांचं काम आहे. बायोसमध्ये जा, जिथं बदललं तिथंच परत जसं होतं तसं कर, एफ१० दाब. साटा मोड म्हणजे बोर्डानं डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय, आयडीई, रेड ही तिचीच नावं. विंडोज ज्या मोडवर बसवलेली असते त्याचाच ड्रायव्हर घेऊन उठते, एएचसीआयचं आयडीई केलं तर तिला तिचीच डिस्क ओळखू येत नाही. डेटा कुठं गेला नाही. डर इतकाच आहे की घाबरून कोणाकडं नेला अन् त्यानं फॉरमॅट मारला तर मंग खरंच जाईल.

आधी काय होतं ते आठवत नसेल तर एएचसीआय, रेड, आयडीई जे पर्याय दिसतील ते एकेक करून पाहा, एकात उठेल. नव्या लॅपटॉपवाल्यांचा याचाच एक भाऊबंद प्रश्न येते: इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. तिथं व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असते. व्हिडिओवाले ते बंद करा म्हणतात (एसरमध्ये ते लपवलेलं असते, मेन पानावर कंट्रोल अन् एस दाबलं की दिसते), बंद केलं की डिस्क दिसतेही, पण आधीची विंडोज आत असेल तर ती उठणार नाही. आतली विंडोज ठेवायची असेल तर व्हीएमडीला हात न लावता कंपनीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो दाखवायचा.

लेगसीचं (म्हणजे जुन्या पद्धतीचं) यूईएफआय केलं अन् चालू होईना, असे तीन मेसेज आहेत, त्यांनाही हेच उत्तर, परत फिरवा.

प्रश्न : विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणतात. बायोसमध्ये टीपीएम चालू केलं का ११ बसते काय?

उत्तर : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला हे खरं आहे. ११ ला टीपीएम २.० (कुलपाच्या चाव्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) पाहिजे, यूईएफआय पाहिजे अन् प्रोसेसरही तिच्या यादीतला पाहिजे, इंटेलमध्ये मोटामोटी आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ असेल तर बायोसमध्ये कितीही शोधा, ११ चा नियम पुरा होणार नाही. नवा असेल तर टीपीएम बहुतेक आतच असते, फक्त नाव बदलून बसलेलं असते, इंटेलच्या बोर्डात पीटीटी, एएमडीच्यात एफटीपीएम.

पण थांबा. ११ वाल्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असू शकते, तुम्हाला विचारलंही नसेल. अशा मशीनवर टीपीएम किंवा सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली उठू न देणारं सेटिंग) इकडचं तिकडं केलं तर ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, अन् ते अकाउंट दुकानवाल्यानं लॅपटॉप देताना कोणत्या ईमेलवर बनवलं ते आता त्यालाही आठवत नाही, असे दोन लॅपटॉप माझ्याकडं पडून आहेत. आधी की शोधून कागदावर उतरवा, मंग बायोस उघडा.

प्रश्न : बायोस अपडेट करावं काय? स्पीड वाढते काय? (बऱ्याच जणांचा)

उत्तर : स्पीड वाढत नाही. अन् गरज नसेल तर करू नका. नवा प्रोसेसर बसवायचा आहे, कंपनीनं सुरक्षेची चूक दुरुस्त केली आहे, किंवा तुमचाच काही त्रास तिनं त्या अपडेटमध्ये सुधारला म्हणून लिहिलं आहे, तरच करा.

दुकान टाकलं त्या वर्षीची गोष्ट. गिऱ्हाइकाचा चांगला चालता बोर्ड, मला हौस, नवं बायोस आलं होतं. टाकायला घेतलं, पट्टी निम्म्यावर गेली अन् लाइन गेली. इन्व्हर्टर होता, पण मी सीपीयू त्या सॉकेटवर लावलाच नव्हता, त्यावर पंखा चालू होता. लाइन आल्यावर पंखे फिरले, स्क्रीन काळी ती काळीच. बायोस अर्धं लिहून झालेलं, म्हणजे मशीनला उठल्यावर पहिलं पाऊल कोणतं टाकायचं तेच माहीत नाही. बोर्ड मी माझ्या पैशानं भरून दिला अन् घरी दोन दिवस सांगितलं नाही. आता काही बोर्डांवर बायोसच्या दोन प्रती असतात, एक मेली तर दुसरी उठते, काहींना मागं खास पोर्ट असते त्यात पेनड्राइव्ह लावून मेलेलं बायोस परत लिहिता येते. तरीही माझ्याकडं नियम आहे, अपडेट करायचं तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली अन् चार्जरही लावलेला, अन् फाइल कंपनीच्याच साइटवरून, बोर्डाचा नंबर अन् रिव्हिजन दोन्ही जुळवून.

जुन्या वाचकांना आठवत असेल, २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसनं जगभर हेच केलं होतं, पुष्कळ मशीनमध्ये बायोसच खोडून टाकलं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नातवाच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढली तरी ते पान दिसते. मग ते कुठं असतं? अन् हे लिहिलं कोणी? (वरुड)

उत्तर : काकाजी, असा प्रश्न महिन्यातून एक जरी आला तरी मला सदर लिहायला मजा येते. ते बोर्डावरच्याच एका नखाएवढ्या चिपमध्ये असते. मशीनला करंट मिळाला की प्रोसेसर आधी तिथं जाते, तिथलं वाचून रॅम आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का पाहते अन् मंग कारभार विंडोजच्या हाती देते. म्हणून डिस्क नसली तरी ते पान येते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पहिला पीसी काढला, त्याचं बायोस फक्त ८ केबीचं होतं, आज मोबाइलवर येणाऱ्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोत असे कित्येक मावतील. त्यात हे पानच नव्हतं, बोर्डावरची बारीक बटनं वर-खाली करून सेटिंग करा लागायची. सेलवर टिकणाऱ्या सेटिंगा आयबीएमच्याच १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये आल्या.

आयबीएमच्या पीसीचे बाकीचे भाग बाजारात भेटत होते, तिचं एकटीचं होतं ते हे बायोस. नकल केली तर कोर्ट. मंग कॉम्पॅकनं १९८२ मध्ये युक्ती केली. एका गटानं आयबीएमचं बायोस वाचून ते काय काय करते एवढंच कागदावर लिहिलं, अन् ज्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं अशा दुसऱ्या गटानं तो कागद वाचून नवं लिहिलं. म्हणजे कसं, एकानं सावजी हॉटेलात बसून रस्सा ओरपायचा अन् चव कागदावर लिहून द्यायची, अन् ज्यानं ते हॉटेल पाहिलं नाही त्यानं घरच्या मसाल्यात तसाच रस्सा करायचा. चोरी कुठं झाली? पुढं फिनिक्स नावाच्या कंपनीनं १९८४ पासून असंच बायोस करून कोणालाही विकायला सुरुवात केली, अन् पीसी स्वस्त व्हायचा रस्ता उघडला. नातवाच्या मशीनमध्ये आता जे असते ते खरं पाहता बायोस नाही, यूईएफआय आहे, पण सगळे बायोसच म्हणतात, मीही म्हणतो.

प्रश्न : पोट्टं रातभर गेम खेळते. बायोसमध्ये पासवर्ड टाकून कॉम्प्युटर बंद ठेवता येते काय? (एक वडील, मोर्शी)

उत्तर : येते. सिक्युरिटीच्या पानावर यूजर पासवर्ड टाका, कुठं त्याला पॉवर ऑन म्हणतात, चालू करतानाच विचारते. टाकलेला पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. अन् हा अंक त्याच्या हाती लागू देऊ नका, पहिल्याच उत्तरात सेल कसा काढायचा ते छापलं आहे.